मजूर माजला म्हणणाऱ्यांना

"रेशननं मजूर माजला." गेल्या दहा-बारा वर्षांत हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं, की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू येतं. दर्यापूरच्या बाजारात, मूर्तिजापूरच्या एसटीत, तेरवीच्या पंगतीत, कृषी केंद्राच्या बाकावर. बोलणारा बहुतेक आपलाच माणूस असतो. पाच-सात एकरवाला. कपाशीत गवत गुडघ्याला लागलेलं, तीन दिवसांपासून निंदणाला बाया शोधून रायलेला. "पाच किलो फुकट भेटते ना बाप्पा! मंग कायले येईन तो कामाले?" आणि मग त्यावरचा उपायही ठरलेला: यांचं रेशन बंद करा, मग पाहा कसे येतात झक मारत.

या माणसाशी मला भांडायचं आहे. तो परका असता तर सोडून दिलं असतं. पण माझंही वावर खारपाणपट्ट्यात आहे, माझ्याही कपाशीत गवत आहे, आणि बाया मलाही भेटत नाहीत. तेव्हा हे भांडण घरातलंच समजा.

आधी हिशेब. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, आपल्याकडे २०१४ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो, अंत्योदयाच्या कार्डाला पस्तीस. आधी गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो; २०२३ च्या जानेवारीपासून ते फुकट. आता पाच किलोला तीस दिवसांनी भागा. दिवसाला एकशे सहासष्ट ग्रॅम येतात. दिवसभर कमरेत वाकून निंदणारी बाई सकाळी दोन अन् रात्री दोन भाकरी खाते, आणि आपल्याकडची भाकर म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम पिठाची. म्हणजे तिला एकटीलाच महिन्याला बारा ते पंधरा किलो दाणा लागतो. घरी पोरं आहेत, ती कमी खातात, तेही धरू. तरी सरकारचं धान्य पंधरावा दिवस ओलांडत नाही. वरून डाळ नाही, तेल नाही, मीठ-मिरची नाही, दळणाचे पैसे नाहीत, पोराची वही नाही, बापाची बीपीची गोळी नाही. एवढ्यावर माजता येत असेल तर माजून दाखवा. मी तर म्हणतो, महिनाभर दोन्ही बाजूंनी अदलाबदल करू.

मग बाई येत का नाही? याचं उत्तर तिनंच एकदा दिलं. आमच्या शेजारच्या वावरवाल्यानं सकाळी सहाला तिच्या दारासमोर गाडी उभी केली. म्हणे, "चाल, दोनशे देतो." ती म्हणाली, "अडीचशेले पलीकडचे नेऊन रायले भाऊ. नाइ जमत असन तं रायलं. आज घरी दाने हायेत." तो माणूस आठ दिवस हेच सांगत फिरला. दोनशे-अडीचशेचं त्याला फारसं वाटलं नव्हतं. त्याला लागलं ते शेवटचं वाक्य. घरी दाने हायेत. आमच्या पिढीच्या शेतकऱ्यानं मजुराच्या तोंडून हे वाक्य कधी ऐकलेलंच नव्हतं.

कसं ऐकणार? आमच्या लहानपणी आषाढात मजुराच्या घरी दाणा नसायचाच. दिवाळीनंतर ज्वारीची सोंगणी, खुडणी, खळं. त्या मजुरीचा दाणा शिमग्यापर्यंत पुरायचा. मग उन्हाळा कसाबसा. आणि पेरणी होऊन निंदणाला सुरुवात झाली, की ज्या दिवसांत काम सगळ्यात जास्त त्याच दिवसांत चूल थंड. आमच्या घरी पेव होतं. काळ्या मातीत खोल खणलेलं, आतून कडबा आणि शेणानं लिंपलेलं. ते आषाढात उघडायचं. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, वाफ निघू द्यावी लागे, नाहीतर माणूस गुदमरून जायचा. त्या दिवशी मागच्या दारी टोपल्या घेऊन बाया उभ्या राहायच्या. आबाजी ओट्यावर बसून नावं सांगत, आणि आजी पायलीनं मोजून देई. एक पोतं न्यायचं आणि खळ्यावर दीड द्यायचं. याला दिढी म्हणत. आणि त्यातही एक बारकावा होता: देताना पायलीवरून हात फिरायचा, घेताना शीग लागायची. पंचवीस-तीस पायल्यांमध्ये त्या शिगेचा फरक किती होतो ते ज्यानं धान्य मोजलं त्यालाच कळेल.

आणि ज्यानं दिढीचं पोतं नेलं, तो निंदणाला कुठं जाणार? त्याला दर विचारायची सोय होती का? जिथलं पोतं तिथलं वावर. मजुरी किती ते खळ्यावर कळायचं. आज जे म्हणतात "पहिले लोक कसे मनापासून काम करायचे, आवाज दिला की यायचे", त्यांना मी एवढंच विचारतो की आवाजाच्या मागे काय होतं ते आठवते का? पेव होतं मागे. आमच्याच घरचं होतं म्हणून सांगतो.

रेशननं ते पेव बुजवलं. एका दिवसात नाही. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी धान्य पहिल्यांदा आमच्या गावात मोठ्या प्रमाणात दिसलं. अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो. तिची भाकर थापता थापता फुटायची, आणि खाल्ली की पोटात दगड. म्हाताऱ्या म्हणत, हे तिकडं डुकराले घालतात. पण त्या लाल दाण्यावर माणसं जगली, खडी फोडायच्या कामावर पोरांना सुकडी मिळाली. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हाही आमच्याकडचे मोठे शेतकरी हेच म्हणाले होते की आता वावरात कोण येईल. शब्दन् शब्द तोच. फक्त तेव्हा 'रोहयोनं माजले' होते.

आता दुसरी बाजू. ती बोलल्याशिवाय हे भांडण अर्धंच राहील.

मजुराला कामावर आणणारी जी एक गोष्ट मारूनमुटकून न करता होत होती ती म्हणजे ज्वारी. आणि ती आपण काढून टाकली. मी शेतकरीच म्हणतो, सरकार नाही. ज्वारी होती तेव्हा खुडणीची मजुरी कणसात मिळायची. मुठी बांधून द्यायची पद्धत होती, बाया संध्याकाळी ओटीत कणसं घेऊन घरी जात. खुडणी झालेल्या वावरात सरवा वेचायला म्हाताऱ्या आणि पोरं यायची, आणि सरव्याला नाही म्हणणारा शेतकरी गावात कंजूष म्हणून ओळखला जायचा. सालदाराचं साल पाडव्याला ठरायचं तेव्हा रोख किती यापेक्षा ज्वारी किती पोते यावर घासाघीस जास्त. कडबा बैलाला. हुरडा पोरांना. लाह्या नागपंचमीला. पाहुणा आला तर अंबाडीच्या भाजीत कण्या. एका पिकाच्या भोवती अख्ख्या गावाचं खाणं फिरत होतं, मजुराचंही आणि आपलंही.

सोयाबीन आलं नव्वदच्या दशकात. सोपं पीक. शंभर दिवसांत मोकळं, यंत्रानं काढा, ट्रॉलीत भरा, संध्याकाळी बाजार समितीत, हातात पैसा. नागपंचमीत त्याच्या लाह्या होत नाहीत, त्याचा सरवा कुणी वेचून भाकर करत नाही, बैल त्याचं कुटार ज्वारीच्या कडब्यासारखं खात नाही, आणि बैलही आता राहिले कुठं. सोयाबीनच्या वावरातून मजूर बाई संध्याकाळी घरी जाते तेव्हा तिच्या ओटीत काही नसतं. आणि आपल्या घरी तरी काय येतं? सोयाबीन विकतो आणि त्याच्याच तेलाची पिशवी किराणा दुकानातून आणतो. जवसाचं तेल, करडीचं तेल, तिळाचं तेल हे आता माझ्या सुनेला औषधाच्या दुकानातली नावं वाटतात. २०२२ च्या दिवाळीत सरकारनं शंभर रुपयात 'आनंदाचा शिधा' वाटला: रवा, चणाडाळ, साखर, आणि एक लिटर पामतेल. सोयाबीनच्या मुलखात पामतेल. मी ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ हसलो.

ज्वारी का गेली याची कारणं शेतकऱ्याला विचारली तर तो पाखरं, रोही आणि रानडुकरं सांगतो, आणि ते खोटं नाही. हायब्रीडनं दाणा वाढवला पण ऐन दाणे भरण्यात पाऊस झाला की कणीस काळं पडायला लागलं, काळ्या ज्वारीला व्यापारी भाव पाडून मागायचा. हेही खरं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीवर आजही काम चालतं, वाण निघतात, शिवारफेरीला आपण जातो, पाहतो, वाण चांगला आहे म्हणतो आणि घरी येऊन सोयाबीन पेरतो. कारण पाखरांचं गणित वेगळं आहे. गावात शंभर वावरांत ज्वारी असली तर पाखरं शंभर वावरांत वाटली जातात, कुणाला कळतही नाही किती खाल्लं. एकट्यानं पेरली तर शिवारातली सगळी पाखरं त्याच्याच मचाणाभोवती. म्हणून दहावा माणूस सोडतो, मग नववा सोडतो, आणि शेवटच्याला तर सोडावीच लागते. यात कुणाचा दोष काढत बसण्यात अर्थ नाही. पण ज्याच्या वावरातून ज्वारी गेली त्यानं निदान 'यांना फुकटचं खायची सवय लागली' हे तरी म्हणू नये. ते खायचे ते तुमच्या वावरातलं. ते संपलं, म्हणून रेशनचं.

आणि हे वऱ्हाडात पहिल्यांदा होत नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडं गेला, पुढं अमेरिकेतल्या यादवी युद्धात मँचेस्टरला कापूस मिळेना म्हणून आपल्या काळ्या जमिनीला सोन्याचे दिवस आले, कापसासाठी खामगाव-अमरावतीला रेल्वेच्या शाखा टाकल्या. आणि तेवढ्यातच, १८९९-१९०० ला, त्याच श्रीमंत वऱ्हाडात माणसं भुकेनं मेली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. कापूस विकून धान्य घेता येतं हे खरं. पण ज्या वर्षी धान्य महागतं त्याच वर्षी कापूसही बुडालेला असतो. हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं तरी ती म्हणायची, "कापसानं घर बांधावं, पन घरात जवारी असाव."

आता मुद्द्यावर येतो, जो बाकावर बसलेले कुणी काढत नाहीत.

२०१५ च्या ऑगस्टपासून सरकारनं आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना रेशन सुरू केलं. मराठवाड्याचे आठ, आपल्या अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. माणशी पाच किलो, दोन रुपये गहू, तीन रुपये तांदूळ. म्हणजे मजुराला जेवढं तेवढंच, त्याच भावात. तेव्हा रांगेत कोण होतं? हेच. पाच-सात एकरवाले. सातबारा घेऊन गेले, नाव चढवलं, अंगठा लावला, पोतं मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून आणलं. सात वर्षं खाल्लं. आणि खाल्लं ते बरोबरच केलं, कारण बोंडअळीनं कपाशी गेली त्या वर्षी त्याच गव्हावर कित्येकांच्या घरी पोळ्या झाल्या. पण मी एकाही कट्ट्यावर ऐकलं नाही की 'रेशननं शेतकरी माजला'. सात वर्षांत एकदाही नाही. तुम्ही ऐकलं असेल तर सांगा.

मग २०२२ मध्ये हे धान्य यायचं थांबलं. आधी वाटलं उशीर होऊन रायला, पुढच्या महिन्यात येईल. दुकानदार म्हणे, वरूनच नाही. मग २०२३ च्या अर्थसंकल्पात कळलं: धान्य बंद, त्याऐवजी माणशी वर्षाला अठराशे रुपये. महिन्याला दीडशे. पुढच्या वर्षी त्याचे एकशे सत्तर झाले. टाळ्या वाजल्या. काही शहाणे म्हणाले, बरंच झालं, ज्याला जे पाहिजे ते तो घेईल, निकृष्ट गहू कशाला गळ्यात. मला हा युक्तिवाद समजतो. कागदावर तो बरोबरही दिसतो. पण दीडशेला पाचनं भागा: तीस रुपये किलो. त्या वर्षी तीस रुपयात बाजारातून बरा गहू आणून दाखवणारा मला भेटला नाही, आणि ज्वारीचं तर नावच घेऊ नका. गव्हाचा भाव वाढला म्हणून रेशनचं पोतं आपोआप हलकं होत नव्हतं. पाच किलो ते पाच किलो. नोटेचं तसं नसतं. भाव वाढला की तिच्यातला दाणा कमी होतो, आणि तो कमी झाल्याचं कुणी जाहीर करत नाही.

शिवाय पोतं घरात आलं की सगळ्यांना दिसतं. सासूला दिसतं, सुनेला दिसतं, पोराला दिसतं. ते डब्यात ओतलं की ते खायचंच असतं, दुसरं काही होत नाही त्याचं. दीडशे रुपये खात्यात येतात. कधी तीन महिन्यांचे एकदम येतात, कधी येतच नाहीत, कारण कुणाचं आधार जोडलेलं नाही, कुणाचं खातं वापर नसल्यानं बंद पडलं. आले तर मोबाईलवर इंग्रजीत एक ओळ येते. त्यातून खताची उधारी जाते, लग्नाचा आहेर जातो, मोबाईलचं रिचार्ज जातं. शेजारच्या वहिनींना मी विचारलं, त्या म्हणाल्या, "भाऊजी, गहू होता तं मी इचारत नोती कोनाले. आता पैसे कवा आले अन् कवा गेले हेच मले माइत पडत नाइ." कायद्यानं, २०१३ च्या त्याच कायद्यानं, रेशनकार्डावर घरातली सगळ्यात वडील बाई कुटुंबप्रमुख ठरवली आहे. ती प्रमुख कशाची? डब्यातल्या दाण्याची होती. बँकेच्या मेसेजची प्रमुख कशी व्हायची ते तिला कुणी शिकवलं नाही.

म्हणून मी म्हणतो, मजुराचं रेशन बंद करा म्हणून ओरडणाऱ्यानं जरा मागं वळून पाहावं. त्याचं स्वतःचं बंद झालं तेव्हा तो ओरडला का? ओरडला नाही. कारण लाज वाटली. शेतकरी असून रेशन मागतो म्हणून लाज. आणि त्या लाजेचा राग निघतो तो शेवटी निंदणाच्या बाईवर.

त्यांच्याकडं एक पुरावा असतो तो मी टाळणार नाही. म्हणतात, यांना गरज नाही, हे तांदूळ विकतात. विकतात. मोटरसायकलवर काटा बांधून माणूस गल्लीत येतो, हाक देतो, आणि रेशनचा तांदूळ मातीमोल भावात घेऊन जातो. नियमात बसत नाही, आणि त्यातून वरच्या वर कोण मोठं होतं ते तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती बाई त्या पैशाचं काय करते ते कुणी पाहिलं? मी पाहिलं आहे. ती किराण्यातून ज्वारी आणते. तांदळानं आमच्याकडं पोट भरल्यासारखं वाटत नाही. भात हा आजाऱ्याचा नाहीतर पाहुण्याचा, वावरात जाणाऱ्याच्या फडक्यात भाकर अन् ठेचाच पाहिजे. त्यात आता तांदळात ते लोहाचे दाणे मिसळतात, शंभराला एक. ते जरा पिवळट, पाण्यावर तरंगतात. बाया त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात आणि निवडून फेकून देतात. कोट्यवधी खर्चून घातलेलं लोह आमच्या गावात कोंबड्या खातात. कोंबड्या मात्र तजेलदार दिसतात हे कबूल.

तिला ज्वारीच दिली असती तर? कायद्यात भरड धान्याचा भाव लिहिलेला आहे: एक रुपया किलो. गव्हाच्या, तांदळाच्या आधी नाही, पण लिहिलेला आहे. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, ज्वारीला 'श्रीअन्न' असं देवळातल्यासारखं नाव मिळालं, पुण्या-मुंबईत ज्वारीची बिस्किटं निघाली. त्या वर्षी आमच्या गावच्या रेशन दुकानात गहू आणि तांदूळच होता.

वरती मेळघाटात याहून वाईट. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकूंचं कोदो-कुटकी गेलं, सोयाबीन तिथंही चढलं, आणि १९९३ पासून तिथल्या बाळांचे मृत्यू न्यायालयात मोजले जात आहेत. तिथली कुटुंबं हंगामाला खाली आपल्या गावांत येतात, सोयाबीन सोंगायला, हरभरा काढायला. कार्ड कुठल्याही दुकानात चालतं असं सरकार सांगतं. आमच्याकडं आलेल्या एका टोळीला दुकानदारानं सांगितलं, माझ्या कोट्यात तुमचं धान्य नाही, पुढच्या महिन्यात पाहू. पुढच्या महिन्यात ते होळीला गावी परत गेले होते. त्या टोळीनं आपलं सोयाबीन सोंगलं तेव्हा कुणी म्हणालं नाही की कोरकू माजले. स्वस्तात आले होते ना.

मजूर भेटत नाही याचं खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पोरं पुण्याला कंपनीत गेली, सुरतेला गेली. सगळ्या गावाचं सोयाबीन एकाच आठवड्यात सोंगायला येतं आणि कापूसही त्याच सुमाराला फुटतो. पूर्वी मूग, मग ज्वारी, मग कापूस, मग हरभरा असं काम वर्षभर पसरलेलं असायचं, तेव्हा एक बाई चार घरांना पुरायची. आता चार घरांना एकाच दिवशी चाळीस बाया लागतात. हे आपण पेरलेलं आहे. आणि कापसाचा भाव पडतो तो काही त्या बाईच्या पाच किलोमुळं पडत नाही. भावासाठी बाजार समितीसमोर बसायची हिंमत होत नाही म्हणून आपण तिच्या दारासमोर गाडी लावून ओरडतो.

माझी मागणी कुणाला न पटणारी आहे, दोन्हीकडच्या. मजुराचं रेशन राहू द्या आणि त्यात ज्वारी द्या. ती इथलीच, हमीभावानं इथंच विकत घेऊन, इथल्याच दुकानात. शेतकऱ्याचे एकशे सत्तर रुपये परत घ्या आणि त्याला त्याचं धान्य द्या, ज्वारी दिली तर उत्तम. मग पाखरं पुन्हा शंभर वावरांत वाटली जातील. पटत नसेल तर सांगा, पण 'माजला' हा शब्द न वापरता सांगा.

यंदा आमच्या शिवारात चौघांनी मिळून ज्वारी पेरली. चारही वावरं एका धुऱ्याला लागून, मध्ये एकच मचाण, राखणीच्या पाळ्या वाटून घेतल्या. पाखरांनी खाल्लंच, रोह्यांनीही एका कडेचं तुडवलं. उरलेलं परवा खुडून झालं. काल दोन म्हाताऱ्या आणि एक पोरगी धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. पोरीनं सरवा हा शब्द कधी ऐकलेला नव्हता. म्हातारीनं तिला हातात कणीस धरून दाखवलं, काय वेचायचं आणि काय ठेवायचं.